चार वर्षांच्या हाताला पेन्सिल जड का होते?

परवा संध्याकाळी शेजारची सून चौरेघी वही घेऊन आली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत मी अजून 'बालवाडीच्या बाई'च आहे, त्यामुळे असे पाहुणे येत असतात. वहीत एक पानभर 'स्टँडिंग लाइन', पुढचं पानभर 'स्लीपिंग लाइन', मग दोन पानं इंग्रजी आठाचा आकडा. पाचव्या पानावर खोडरबराने कागद फाटला होता आणि खाली शेरा होता: 'नीड्स प्रॅक्टिस'.

"काकू, हा लिहीतच नाही हो. दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो. नाटकं करतो का?"

मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा. आमचं बोलणं चालू होतं तेव्हा तो गॅलरीत माझ्या कुंडीतली माती उकरून त्यात चमचा उभा करण्याच्या खटपटीत होता. ती क्रेन होती म्हणे. ती पडत होती, तो पुन्हा रोवत होता. पंधरा मिनिटं.

सध्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशांचा हंगाम आहे. शहरभर फलक लागलेत आणि बहुतेकांवर एक आकडा हमखास दिसतो: 'मेंदूचा ८५ टक्के विकास सहा वर्षांच्या आत!' तिने तोही वाचला होता. "म्हणजे आमची चार गेलीच की, दोनच उरली." ही घाबरगुंडी एकटीची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

८५ टक्के कशाचे?

आकडा खोटा नाही. जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे. पण तो मेंदूच्या वाढीबद्दल आहे, अभ्यासक्रमाबद्दल नाही. फलक लावणारा हा फरक गिळून टाकतो आणि आपण सही करतो.

पुण्यात ज्यांनी बांधकाम चालू असताना फ्लॅट घेतलाय त्यांना हे चटकन कळेल. सगळे स्लॅब पडले, आरसीसी उभं राहिलं, की लांबून इमारत झाल्यासारखीच दिसते. म्हणून तुम्ही त्या दिवशी टीव्ही लावायला जाता का? अजून वायरिंग व्हायचंय, पाण्याच्या लाइनी टाकायच्यात. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के झालेला असतो, हे खरं. आतली जोडणी मात्र पुढे कितीतरी वर्षं चालते. थांबणं, ठरवणं, मोह आवरणं ही कामं बघणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्का होतो. (घरात कॉलेजचं मूल असेल तर पुराव्याची गरज नाही.)

पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी भराभर जोडल्या जातात, गरजेपेक्षा जास्तच. मग ज्या जोडण्या रोज वापरल्या जातात त्या मजबूत होतात आणि बाकीच्या हळूहळू छाटल्या जातात. म्हणून ही वर्षं मोलाची आहेत, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की या वयात कशाची जोडणी चालू असते. ती असते हाताची, कानाची, भाषेची, आणि दुसऱ्याबरोबर राहण्याची. पानभर आठ काढण्याची नसते.

मनगटाचा एक्स-रे

आता हात का दुखतो ते. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा एक्स-रे काढला तर त्या जागी बहुधा एकही दिसत नाही, कारण तिथे अजून मऊ कूर्चा असते. एकेक करून ती कडक होतात. चौथ्या वर्षाच्या सुमारास साधारण तीन-चार दिसतात, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड दिसायला आठ ते बारा वर्षांपर्यंत वेळ लागतो. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा थोडं आधी होतं. वर्गात मुलींच्या वह्या नेटक्या दिसण्याचं हेही एक कारण असू शकेल, पण आपण लगेच 'ती बघ कशी शहाणी' म्हणून मोकळे होतो.

हा एक्स-रे हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की हाडंच नाहीत, मग मूल लिहिणार कसं. एवढं सरळ नाहीये ते. हाच मुलगा खडूने जिना रंगवतो तेव्हा त्याचा हात दुखत नाही. कारण तेव्हा काम खांदा आणि कोपर करतात. हातावरचा ताबा वरून खाली येतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. चौरेघीतल्या दोन रेघांमध्ये आठ बसवायचा तर थेट बोटांच्या टोकांचं काम. ते अजून तयार नसल्यामुळे तो पेन्सिल मुठीत आवळतो, सगळा हात ताठ धरतो, आणि दोन ओळींत थकतो. नाटकं नव्हेत ती.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. कागदावर आकार काढून मुलाला 'असंच काढ' म्हणा. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो. चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह. साडेचारच्या पुढेमागे चौकोन. त्रिकोण पाच ओलांडल्यावर, कारण तिरकी रेघ अवघड असते. पत्त्यांतली चौकट तर त्याहूनही बरीच उशिरा. आता आपला 'अ' बघा: दोन गोलाई, एक आडवी, एक उभी, वर शिरोरेघा. ज्याला अजून त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून आपण 'अ' मागतोय. महिन्या-दोन महिन्यांचा फरक कुणालाही पडतो, तेव्हा या वयांची पट्टी करून मुलाला मोजू नका. क्रम तेवढा लक्षात ठेवा.

आपल्या जुन्या शिक्षकांना हे ठाऊक होतं. त्यांनी लिहायला 'क ख ग घ'पासून न शिकवता 'ग म भ न'पासून शिकवलं, कारण ही अक्षरं वळणाने एकमेकांजवळची. एकाचं वळण हातात बसलं की दुसरं अर्धं आलंच.

"पण सगळी अक्षरं ओळखतो की तो!"

ओळखत असेल. तो गाड्यांचे लोगोही ओळखतो. अक्षराचं चित्र ओळखणं आणि वाचणं यांच्यामध्ये एक पायरी असते. तिला ध्वनिजाणीव म्हणतात: बोललेला शब्द छोट्या आवाजांचा बनलेला असतो, हे कानाला कळणं. 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या वाजतात, 'कमळ' आणि 'कपाट' एकाच आवाजाने सुरू होतात, 'कमळ'मधला 'क' काढला की 'मळ' उरतो. हे कळायला पेन्सिल लागत नाही, कागदही लागत नाही. भेंड्या लागतात. गाडीत बसल्यावर आपण गावांच्या नावांच्या भेंड्या लावायचो ना, सासवड, मग डहाणू, मग णू कुठून आणायचा म्हणून भांडण? तो वाचनपूर्व अभ्यासच होता, कुणी त्याची फी घेतली नाही एवढंच.

ज्याचा कान तयार आहे त्याला अक्षर दाखवलं की ते आवाजाला चिकटतं. ज्याचा नाही तो 'क कमळाचा' अख्खंच्या अख्खं पाठ म्हणतो, आणि 'काका' लिहून दाखवलं की 'कमळ, कमळ' वाचतो. मी हे वर्गात कितीदा तरी पाहिलंय.

देवनागरीचा पसाराही मोठा आहे. नुसती बाराखडी मांडली तरी चिन्हं चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीची सव्वीस अक्षरं पाठ झाली की पालकांना काम फत्ते वाटतं, म्हणून मराठीत मूल 'मागे' दिसतं. भारतीय लिप्यांमधली सगळी चिन्हं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते, आणि ते ठीकच आहे.

सहा चिंचोक्यांची गंमत

गणिताचं थोडक्यात. सहा चिंचोक्यांची एक ओळ मांडा, तिच्याखाली सहांचीच दुसरी. "सारखे आहेत ना?" मूल हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत खालची ओळ पसरून लांब करा आणि विचारा, कुठे जास्त? चार वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवतं. मग ते शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं का असेना. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी असे प्रयोग मुलांबरोबर केले होते. सहा-सात वर्षांच्या आसपास मुलाला आपोआप कळतं की पसरल्याने संख्या वाढत नाही. त्याआधी समजावून सांगितलं तर ते तुमच्या समाधानासाठी मान डोलावतं. आकडे म्हणणं हे गाणं आहे. संख्या कळणं वेगळं. ताटं मांडताना 'माणसं पाच, वाट्या किती आणू?' विचारलं की संख्या कळण्याची सुरुवात होते.

"मग काय, नुसतं खेळूच द्यायचं?"

हा आक्षेप बाबा मंडळी घेतात, हाताची घडी घालून. उत्तर आहे, नाही. नुसतं सोडून द्यायचं नाही.

यंदा दिवाळीत हाच मुलगा खाली किल्ला करत होता. दगड रचून त्यावर गोणपाट टाकून मोठ्या मुलांनी डोंगर उभा केला होता, आणि याला हवी होती गुहा. ओल्या मातीत बोटांनी भोक पाडलं की छत कोसळायचं. तिसऱ्यांदा कोसळल्यावर ओठ थरथरायला लागले. आई पुढे झाली, "आण इकडे, मी करून देते." मी तिला खुणेने थांबवलं आणि त्याला विचारलं, "घराच्या दारावर भिंत असते, ती खाली का नाही पडत रे?" तो बराच वेळ माझ्या दाराकडे बघत बसला. मग जाऊन शहाबादी फरशीचा तुकडा घेऊन आला आणि आडवा ठेवून वर माती लिंपली. गुहा उभी राहिली. नंतर त्याने हळीव पेरले, रोज सकाळी कोंब आले का बघायला तो चहाआधी खाली. मावळे मोजून ठेवले, एक कमी भरला तर शोधून काढला.

त्या तीन-चार दिवसांत काय काय झालं बघा. माती मळताना बोटांत ताकद आली, तीच पुढे पेन्सिल धरते. हळिवाने वाट बघायला शिकवलं. मोठ्या मुलांनी हाकललं तेव्हा भांडून, मग जुळवून घेऊन जागा मिळवली. बुरूज, तटबंदी, भगदाड असे शब्द आले, जे कुठल्याच वर्कशीटमध्ये नाहीत. आणि मी काय केलं? एक प्रश्न विचारला.

लेव्ह वायगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक मुलापाशी एक पट्टा असतो: त्याला एकट्याला जमत नाही, पण कुणी थोडा हात दिला तर जमतं असा. शिकणं त्या पट्ट्यात होतं. आपण सायकल शिकलो तेव्हा मागून कॅरिअर कुणीतरी धरलेलं असायचं. हँडल त्यांनी धरलं असतं तर आपण शिकलो नसतो, आणि चढावर एकटं सोडलं असतं तर गुडघे फुटले असते. 'मी करून देते' म्हणजे हँडल धरणं, 'खेळू दे हवं ते, मला काम आहे' म्हणजे चढावर सोडणं. वयानुसार मार्गदर्शन म्हणतात ते कॅरिअर धरणं आहे. त्यात केव्हा सोडायचं हेही आलं.

हे काही परदेशातून आलेलं फॅड नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाला सुरुवात केली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर तेच नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं चारायला जात असेल तर कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं, खडे हे साहित्य. देशभरातल्या अंगणवाड्या १९७५ मध्ये सुरू झाल्या, त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज तेच शिंपले पॉलिश करून खोक्यात घालून भरमसाट किमतीला विकतात. असो.

"दोघंही नोकरीला, आणायचा कुठून वेळ?"

हिंजवडीहून सात वाजता घरी पोचणाऱ्या माणसाला मी किल्ले बांधा म्हणणार नाही. पण स्वयंपाक तर होतोच. मटार सोलणं, लसूण निवडणं, कणकेच्या गोळीची वेडीवाकडी पोळी लाटणं ही बोटांची तालीमच आहे. कणीक सांडेल, दहा मिनिटं जास्त जातील. त्या वेळात मूल काहीतरी बोलतं, तुम्ही उत्तर देता, त्यावर ते पुन्हा बोलतं. ही देवाणघेवाण भाषेचं खरं खाद्य आहे. मोबाइलवरची बाई कितीही गोड बोलली तरी ती मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी तर बरंच. तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास दम लागेल अशी. झोप दहा ते तेरा तास. बहुतेक घरांत मला यातली झोप सगळ्यात आधी तुटलेली दिसते.

"सगळं पटतं, पण पहिलीत मागे पडला तर?"

खरी भीती हीच आहे, बाकी सगळे प्रश्न तिच्याभोवती फिरतात.

न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी दोन प्रकारच्या शाळांतली मुलं पाहिली. काहींना पाचव्या वर्षी वाचायला शिकवलं होतं, काहींना सातव्या. अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. अभ्यास छोटा होता, त्यावर डोळे झाकून भिस्त ठेवू नका. पण फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली मुलं अडाणी राहिलेली नाहीत, हेही दिसतंच आहे. मात्र त्या उशिरा शिकणाऱ्या मुलांना आधीची वर्षं गोष्टी, गाणी, खेळ, गप्पा भरपूर मिळालेले असतात. घरात गप्पाच होत नसतील तर नुसतं उशिरा सुरू करून काही साधत नाही.

आपलं धोरणही आता हेच म्हणतं. तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय: तीन वर्षं बालवर्ग, मग पहिली-दुसरी. त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, तो खेळातून शिकण्यावर उभा आहे. निपुण भारत अभियानाने समजून वाचण्याचं आणि मूलभूत गणिताचं उद्दिष्ट तिसरीअखेर ठेवलंय. तिसरीअखेर! आणि आपण ते छोट्या गटात मागतो.

वयाचा नियम: महाराष्ट्रात प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण करणारं मूल पहिलीला पात्र ठरतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाचचं असतं आणि शेजारच्या बाकावर साडेसहाचं बसलेलं असू शकतं. त्या वयात वर्ष म्हणजे केवढं! पात्र आहे म्हणजे घातलंच पाहिजे असं नाही. शेवटच्या महिन्यांतल्या मुलांच्या आईवडिलांना मी थांबण्याचाच सल्ला देते, आणि बहुतेक वेळा माझं ऐकत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेऊन चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा. बालवर्ग त्यात नीट बसत नाहीत, आणि बाजाराला नेमकी तीच फट सापडली.

"शाळाच लिहायला लावते, आम्ही काय करणार?"

बाईंशी भांडू नका. त्यांच्यावर वरून दबाव असतो आणि वरच्यांवर तुमचा, 'पलीकडच्या शाळेत तर आकडे झाले' म्हणणारा. पुढच्या भेटीत एवढंच सांगा की घरी आम्ही लिहून घेणार नाही, रोज एक गोष्ट वाचून दाखवू आणि हाताला काम देऊ. शाळा बघायला जाल तेव्हा भिंतींकडे बघा. तीस फुलपाखरं एकाच रंगाची, रेघेच्या आत रंगवलेली असतील तर ती मुलांची नाहीत, बाईंची आहेत. अक्षर उलटं काढतं म्हणून घाबरू नका, सहा-सात वर्षांपर्यंत ते चालतं.

वाट बघू नये ते कधी

'आपापल्या वेळी करेल' हे वाक्य मी आयुष्यभर बोलले. पण ते सगळीकडे चालत नाही. वर्षाचं बाळ बडबडगोंगाट करत नसेल, दीड वर्षाचं एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरत चाललं असेल, तर थांबायचं नाही. बालरोगतज्ज्ञांना गाठायचं. आणि आधी कान तपासायचे.

हे मी चुकून शिकले. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. गोष्टीत लक्ष नाही, सांगितलेलं करायचं नाही, सारखा पुढे येऊन माझ्या पदराला चिकटून बसायचा. मी त्याला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. त्याच्या आजीला शंका आली, तिनेच डॉक्टरांकडे नेलं. सर्दीमुळे दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं होतं, कित्येक महिने. उपचार झाले, तो परत वर्गात आला, नेहमीच्या जागी बसला. थोड्या वेळाने छताकडे बघून म्हणाला, "बाई, हा पंखा एवढा आवाज का करतो?"